मुखवटा, बाहुली आणि बालक : कीटकांच्या अपरिपक्व अवस्थांच्या संज्ञांचा इतिहास

प्रस्तावना

शास्त्रीय परिभाषा ही अर्थनिश्चितीसाठी घडविलेली असते, असे सामान्यतः मानले जाते. तथापि बहुतेक पारिभाषिक संज्ञा शास्त्राने नव्याने निर्माण केलेल्या नसतात. त्या धर्म, विधी, नाटक, बालक्रीडा अशा लोकजीवनाच्या क्षेत्रांतून उसन्या घेतलेल्या असतात. शास्त्रात रुळल्यावर त्यांचा मूळ अर्थ विस्मृतीत जातो. परंतु तो अर्थ ज्या समजुतीतून आला, ती समजूत मात्र संज्ञेबरोबर पुष्कळ काळ टिकून राहते. कीटकांच्या अपरिपक्व अवस्थेसाठी जगभर वापरली जाणारी 'लार्व्हा' ही संज्ञा याचे ठळक उदाहरण आहे. महाविद्यालयीन प्राणिशास्त्राच्या पहिल्याच वर्षी विद्यार्थी हा शब्द शिकतो. मूळ लॅटिन भाषेत त्याचा अर्थ 'पिशाच' आणि 'मुखवटा' असा होता, हे मात्र त्याला क्वचितच सांगितले जाते.

प्रस्तुत लेखात या संज्ञेचा उगम, तिचे शास्त्रात झालेले स्थलांतर, तिच्याबरोबरीच्या 'निम्फ', 'प्युपा' व 'इमॅगो' या संज्ञांशी असलेले तिचे नाते आणि भारतीय परंपरेत व मराठी भाषेत याच जीवावस्थांना मिळालेली नावे यांचा ऐतिहासिक परामर्श घेतला आहे. एकाच प्राण्याच्या दोन अवस्थांना दोन असंबद्ध नावे मिळाली, की तो प्राणी एकच आहे हे ज्ञान भाषेतून निसटते. ते परत मिळविण्यास युरोपीय विज्ञानाला दीर्घकाळ लागला आणि महाराष्ट्रातील शेतीत त्याची किंमत आजही मोजावी लागते, असे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

रोमन पिशाच आणि रंगमंचावरील मुखवटा

प्राचीन रोमन लोकांच्या धर्मजीवनात मृतात्म्यांना मोठे स्थान होते. घराचे व कुळाचे रक्षण करणाऱ्या देवता 'लारेस' या नावाने ओळखल्या जात, तर अतृप्त भटकणाऱ्या आत्म्यांना 'लेमुरेस' म्हणत. मे महिन्याच्या ९, ११ व १३ या तारखांना 'लेमुरिया' हा विधी होत असे. कवी ओव्हिडने 'फास्ती' या काव्याच्या पाचव्या सर्गात त्याचे वर्णन केले आहे. कुटुंबप्रमुख मध्यरात्री अनवाणी उठतो, मागे वळून न पाहता काळ्या घेवड्याचे दाणे टाकतो आणि आत्म्यांना घरातून निघून जाण्याची नऊ वेळा विनवणी करतो. सर्वपित्री अमावास्येचा परिचय असणाऱ्या मराठी वाचकाला पितरांविषयीचा हा आदर आणि त्यात मिसळलेले भय अपरिचित वाटणार नाही.

या आत्म्यांपैकी जे उपद्रवी, भिवविणारे, त्यांना 'लार्व्हा' ही संज्ञा होती. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील आपुलेयुस या लेखकाने सॉक्रेटिसाच्या देवतेविषयीच्या ग्रंथात हे वर्गीकरण स्पष्ट केले आहे : देहमुक्त आत्म्यांपैकी शांत व कुटुंबवत्सल ते 'लार', तर दुष्कृत्यांमुळे निराधार भटकणारे ते 'लार्व्हा'. पुढे संत ऑगस्टीनने 'ईश्वराचे नगर' या ग्रंथाच्या नवव्या खंडात अशाच एका मताचा उल्लेख करून त्याचे खंडन केले. 'लार' आणि 'लार्व्हा' हे शब्द एकाच मुळापासून निघाले असावेत, असे काही भाषाशास्त्रज्ञ मानतात. परंतु याविषयी एकमत नाही.

'लार्व्हा' या शब्दाला दुसराही अर्थ होता. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या आरंभी दिवंगत झालेल्या प्लाउटुस या नाटककाराच्या सुखात्मिकांत पिशाचाने झपाटलेल्या माणसासाठी याच धातूचे विशेषण येते. होरेसच्या पहिल्या उपहासिकासंग्रहातील पाचव्या रचनेत मात्र 'लार्व्हा' म्हणजे नटाचा मुखवटा. एका कुरूप माणसाला मुखवट्याचीही गरज नाही, अशी त्यातील थट्टा आहे. पेट्रोनियसच्या 'सॅटिरिकॉन'मध्ये श्रीमंत यजमानाच्या मेजवानीत सांधे हलणारा चांदीचा सांगाडा आणला जातो. त्यालाही हाच शब्द लावला आहे. पिशाच, भेसूर मुखवटा आणि सांगाडा या तिन्ही अर्थांना जोडणारा धागा एकच आहे : जे दिसते ते खरे रूप नव्हे. कीटकशास्त्राने पुढे नेमका हाच धागा उचलला.

अ‍ॅरिस्टॉटल : वधू, सुवर्ण आणि आत्मा

लॅटिन संज्ञा शास्त्रात येण्यापूर्वी दीर्घकाळ ग्रीक परिभाषा प्रचलित होती. अ‍ॅरिस्टॉटलने 'प्राण्यांचा इतिहास' या ग्रंथाच्या पाचव्या खंडात कीटकांच्या रूपांतराचे वर्णन केले आहे. कोबीसारख्या पाल्यावर वाढणारे सुरवंट, त्यांची निश्चल कवचबद्ध अवस्था आणि त्यातून बाहेर पडणारे फुलपाखरू हा क्रम त्याला ठाऊक होता. अळीसाठी त्याने 'स्कोलेक्स' हा शब्द योजला. फुलपाखराच्या कोशाला त्याने 'ख्रिसालिस' म्हटले. हा शब्द सुवर्णवाचक 'ख्रिसोस' या ग्रीक शब्दापासून आला असून काही कोशांच्या सोनेरी झळाळीकडे त्याचा निर्देश आहे. फुलपाखरासाठी त्याने योजलेला शब्द 'सायकी' असा होता आणि त्याचाच अर्थ 'आत्मा' असाही होतो. मधमाशीच्या पोळ्यातील बंद घरट्यात ज्याचे अवयव आकारू लागले आहेत, त्या पिल्लाला मात्र त्याने 'निम्फी' म्हटले. ग्रीक भाषेत 'निम्फी' म्हणजे नववधू.

अ‍ॅरिस्टॉटलच्या निरीक्षणाइतकीच त्याची उपपत्तीही महत्त्वाची ठरली. त्याच्या मते 'स्कोलेक्स' हा अपुरा घडलेला प्रारंभिक गर्भ असून तो वाढत जाऊन अंड्यासारख्या अवस्थेला, म्हणजे कोशाला पोचतो. त्यामुळे कोश हे जणू दुसरे अंडे ठरले. शिवाय अनेक कीटक दव, चिखल, शेण अथवा कुजणाऱ्या पदार्थांतून आपोआप उत्पन्न होतात, असेही तो मानी. अळीला आईबाप असतातच असे नाही, हे एकदा मान्य केले की अळी आणि फुलपाखरू यांचे नाते अनिवार्य उरत नाही. पुढील सुमारे दोन हजार वर्षे युरोपीय विचारावर या मताचा पगडा राहिला. विल्यम हार्वीसारखा प्रयोगनिष्ठ वैद्यही १६५१ मधील प्राणिजननविषयक ग्रंथात अळीला अपूर्ण अंडेच मानतो.

सतराव्या शतकातील उलगडा

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र झपाट्याने बदलले. इटलीतील फ्रान्चेस्को रेडी याने १६६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मांसाचे तुकडे काही भांड्यांत उघडे आणि काहींत झाकून ठेवले. माश्यांना प्रवेश मिळालेल्या मांसातच अळ्या झाल्या. म्हणजे अळी मांसातून नव्हे, माशीच्या अंड्यातून येते. पुढच्याच वर्षी, १६६९ मध्ये, दोन महत्त्वाचे ग्रंथ प्रसिद्ध झाले : मार्चेल्लो माल्पिगी याचा रेशीमकिड्याच्या शरीररचनेवरील प्रबंध आणि यान स्वामरडाम याचा कीटकांचा सामान्य इतिहास.

स्वामरडाम (१६३७–१६८०) याने रूपांतराला टेकलेल्या सुरवंटाची त्वचा काळजीपूर्वक सोलून आत दुमडलेले पंख, पाय आणि सोंड दाखवून दिली. सुरवंट मरतो आणि त्याच्या अवशेषांतून नवा प्राणी जन्मतो, ही कल्पना त्यामुळे निराधार ठरली. त्याने कीटकांचे चार गट पाडले, ते रूपांतराच्या प्रकारांवरून. आणि त्या वर्गीकरणाच्या केंद्रस्थानी 'निम्फ' ही अवस्था ठेवली. त्याची हस्तलिखिते पुढे हर्मान बूरहावे याने 'निसर्गाचे बायबल' या नावाने १७३७–३८ मध्ये प्रकाशित केली.

याच काळात योहानेस गुडार्ट आणि मारिया सिबिला मेरिअन यांनी अळ्या प्रत्यक्ष पाळून त्यांची चित्रे काढली. गुडार्टला एका जातीच्या सुरवंटापासून कधी फुलपाखरू, तर कधी अनेक लहान माश्या निघताना दिसल्या. एकाच प्राण्याला दोन प्रकारची संतती होते, असा अर्थ त्याने लावला. त्या माश्या परोपजीवी असून सुरवंटाच्या शरीरात वाढलेल्या होत्या, हे नंतर उमगले. निरीक्षण अचूक असूनही अर्थ चुकतो, तो असा. मेरिअन (१६४७–१७१७) हिने १६७९ मध्ये सुरवंटांच्या रूपांतरावरील आपल्या ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध केला. १६९९ ते १७०१ या काळात दक्षिण अमेरिकेतील सुरीनाम येथे राहून तिने केलेले काम १७०५ मध्ये ग्रंथरूपाने आले. अंडे, अळी, कोश, पतंग आणि त्यांची आहारवनस्पती हे सारे एकाच चित्रचौकटीत मांडण्याची तिची पद्धत म्हणजे एका अर्थी नव्या ज्ञानाची दृश्य परिभाषाच होती. शब्दांनी तोडलेल्या अवस्था तिने चित्रात पुन्हा जोडल्या.

लिनियसची त्रयी

कार्ल लिनियस (१७०७–१७७८) याच्यापुढचा प्रश्न व्यवस्थेचा होता. युरोपच्या प्रत्येक भाषेत अळी, कोश व कीटक यांना जातीगणिक वेगवेगळी नावे होती. फुलपाखराची अळी, माशीची अळी आणि भुंगेऱ्याची अळी यांसाठी एक समान शब्द नव्हता. लॅटिनमध्ये सुरवंटाला 'एरुका', सामान्य अळीला 'व्हर्मिस', तर कोशाला सुवर्णवाचक 'ऑरेलिया' असे म्हटले जाई. अठराव्या शतकाच्या मध्यात लिनियसच्या लेखनातून 'लार्व्हा', 'प्युपा' आणि 'इमॅगो' ही त्रयी स्थिरावली. 'सिस्टेमा नॅचुरी' या ग्रंथाची १७५८ मधील दहावी आवृत्ती प्राण्यांच्या शास्त्रीय नामकरणाचा आरंभबिंदू मानली जाते. त्या द्विनाम पद्धतीत एका जातीला एकच नाव असते आणि ते तिच्या सर्व अवस्थांना लागू पडते. त्यामुळे अवस्थांची नावे जातिनामापासून वेगळी काढणे शक्य झाले.

ही त्रयी रूपकांच्या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. 'लार्व्हा' म्हणजे मुखवटा : खरा कीटक अळीच्या रूपाआड लपलेला आहे. विल्यम कर्बी आणि विल्यम स्पेन्स यांनी १८१५ पासून प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी कीटकशास्त्रपरिचयात लिनियसच्या शब्दयोजनेचा नेमका हाच खुलासा दिला आहे. 'प्युपा' म्हणजे लहान मुलगी अथवा बाहुली : कोशातील निश्चल, गुंडाळलेला जीव कापडात बांधलेल्या बाळासारखा दिसतो. 'इमॅगो' म्हणजे प्रतिमा, जातीचे पूर्ण व खरे रूप. येथे इतिहासाचा एक विरोधाभासही नजरेत भरतो. रोमन उमराव आपल्या पूर्वजांचे मेणाचे मुखवटे घरात जपत आणि अंत्ययात्रेत ते मिरवीत. इतिहासकार पॉलिबियसने या प्रथेचे वर्णन केले आहे. त्या मुखवट्यांना 'इमॅजिनेस' म्हणत. म्हणजे जो शब्द 'खऱ्या रूपा'साठी निवडला, तोही मूळचा मृतांच्या मुखवट्याचाच.

'प्युपा' या शब्दाचा मराठीशी एक अनपेक्षित सांधा जुळतो. डोळ्यात डोकावणाऱ्याला स्वतःचे चिमुकले प्रतिबिंब दिसते, म्हणून लॅटिनमध्ये डोळ्याच्या मध्यभागाला 'प्युपिल्ला', म्हणजे छोटी बाहुली, असे नाव पडले. मराठीतही त्याला 'डोळ्याची बाहुली' असेच म्हणतात आणि संस्कृतमधील 'कनीनिका' या शब्दातही कन्येचाच अर्थ आहे. परस्परांपासून दूर असलेल्या समाजांनी एकाच निरीक्षणावरून एकच रूपक घडविले. कोशाच्या बाबतीत मात्र भारतीय भाषांनी बाहुलीची वाट धरली नाही.

भारतीय परंपरा : कोशकार आणि कीटभृंग

संस्कृतमध्ये 'कोश' म्हणजे म्यान, पेटी, भांडार, आवरण. रेशीमकिड्याच्या आवरणालाही हाच शब्द लागला. पाणिनीच्या अष्टाध्यायीत (४.३.४२) 'कोश' या शब्दापासून 'कौशेय' हे रूप सिद्ध करणारे सूत्र आहे, म्हणजे कोशापासून रेशमी वस्त्र होते, ही बाब त्या काळी व्याकरणकाराला सामान्य व्यवहारातील म्हणून ठाऊक होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही कौशेय वस्त्रांचा उल्लेख येतो. रेशीमकिड्याला 'कोशकार' असे नाव होते. आज शब्दकोश रचणाऱ्यालाही मराठीत हेच नाव आहे.

येथे निरीक्षणाची दिशा युरोपपेक्षा वेगळी होती. रेशीम मिळवायचे तर पतंग बाहेर पडण्यापूर्वीच कोश उकळावा लागतो. बाहेर पडणारा पतंग धागा तोडतो. त्यामुळे भारतीय तत्त्वचिंतनात कोशकार हा रूपांतराचा नव्हे, तर स्वनिर्मित बंधनाचा दृष्टान्त झाला. महाभारताच्या शांतिपर्वात तो येतो. इ.स. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातही, मनुष्य स्वतःच स्वतःचा शत्रू कसा होतो हे सांगताना कोशकीटकाचा दृष्टान्त योजला आहे. त्यात पंखांचा उल्लेख नाही, कारण दृष्टान्ताला पंखांची आवश्यकता नाही.

रूपांतराचा दृष्टान्त दुसऱ्या एका कीटकाकडे गेला. भागवताच्या एकादश स्कंधातील नवव्या अध्यायात अवधूताच्या चोवीस गुरूंपैकी शेवटचा गुरू 'पेशस्कृत्' हा आहे. तो एका किड्याला भिंतीवरील घरात कोंडतो. तो किडा भयाने त्याचेच सतत चिंतन करतो आणि अखेरीस तद्रूप होतो. हाच कीटभृंगन्याय एकनाथांनी १५७३ मध्ये पूर्ण केलेल्या भागवतटीकेद्वारे मराठी भक्तिपरंपरेत दृढ केला. न्यायाचा आशय आध्यात्मिक आहे आणि त्याची प्रतिष्ठा त्या आशयावर उभी आहे. परंतु त्यामागील निरीक्षणही खरे आहे. घराच्या भिंतीवर मातीचे घरटे बांधणारी कुंभारमाशी अळ्या पकडते, त्यांना दंश करून निश्चल करते, घरट्यात कोंडते आणि तेथेच अंडे घालते. याच गटातील दुसऱ्या माश्या अळ्यांऐवजी कोळी भरतात. अंड्यातून निघालेले तिचे पिल्लू ते भक्ष्य खाऊन वाढते, कोशात जाते आणि काही दिवसांनी घरट्यातून नवी कुंभारमाशी बाहेर येते. आत गेली ती अळी आणि बाहेर आली ती माशी, एवढेच बाहेरून पाहणाऱ्याला दिसते. फ्रेंच निरीक्षक झां-आंरी फाब्र याने १८७९ पासून प्रसिद्ध केलेल्या 'कीटकशास्त्रीय स्मरणिकां'त अशा शिकारी माश्यांच्या जीवनक्रमाचे सविस्तर वर्णन केले. गुडार्टचा प्रमाद आणि कीटभृंगन्याय यांचे मूळ एकच आहे : भक्ष्य व भक्षक यांची अदलाबदल झाल्याचे दृष्टीस न पडणे.

वर्गीकरणाच्या परंपरेतही अळी आणि कीटक दूरदूर राहिले. ऐतरेय उपनिषदात जीवांचे अंडज, जारुज, स्वेदज व उद्भिज्ज असे चार प्रकार आहेत. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात डास, उवा, माश्या व ढेकूण यांना स्वेदज, म्हणजे घामातून अथवा उष्ण ओलाव्यातून होणारे, म्हटले आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात इंद्रियांच्या चढत्या संख्येनुसार कृमी, पिपीलिका, भ्रमर व मनुष्य असा क्रम लावला आहे. त्यात कृमी दोन इंद्रियांचा, तर भ्रमर चार इंद्रियांचा. इंद्रियक्षमतेवर आधारलेली ही सुसंगत मांडणी असली, तरी भ्रमर स्वतःच्या बाल्यावस्थेत कृमीसारखाच असतो, ही गोष्ट तिच्या चौकटीत येत नाही.

मराठी शब्दसंपदा : अळी, पिल्लू आणि डिंभ

मराठीत अपरिपक्व कीटकांसाठी एकच शब्द नाही. शब्दांचे एक संपन्न कुटुंबच आहे. मऊ, पाय न दिसणारी वा तोकड्या पायांची ती अळी. केसाळ तो सुरवंट. जमिनीत मुळे कुरतडणारी ती हुमणी. उसाच्या वा ज्वारीच्या पोंग्यात शिरणारा तो खोडकिडा. हरभऱ्याच्या घाट्यात डोके खुपसणारी ती घाटेअळी. कपाशीच्या बोंडातील ती बोंडअळी. झुंडीने चालून येणारी ती लष्करी अळी. ही नावे जीवाचे ठिकाण, रूप आणि उपद्रव सांगतात. पूर्णावस्थेला मात्र पतंग, पाकोळी, भुंगेरा अशी सर्वसामान्य नावे पुरतात, कारण नुकसान करते ती बहुधा अळी.

शेतीविषयक मराठी लेखनाने आणखी एक भेद सहजपणे पाळला आहे. मावा, तुडतुडे, नाकतोडे यांची पिल्ले आकाराने लहान पण रूपाने प्रौढासारखीच असतात; त्यांच्यात कोशावस्था नसते. अशा कीटकांविषयी लिहिताना 'पिल्ले व प्रौढ पानातील रस शोषतात' असे म्हटले जाते. तेथे 'अळी' हा शब्द येत नाही. अपूर्ण रूपांतर आणि पूर्ण रूपांतर हा शास्त्रातील मूलभूत भेद मराठी शेतकऱ्याच्या भाषेत 'पिल्लू' आणि 'अळी' या दोन घरगुती शब्दांनी व्यक्त होतो. 'निम्फ' या शब्दातील ग्रीक नववधूपेक्षा 'पिल्लू' हा शब्द वस्तुस्थितीच्या अधिक जवळ आहे, असे म्हणता येईल.

राज्यस्थापनेनंतर मराठी शास्त्रीय परिभाषेच्या कार्याला गती मिळाली. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच्या प्राणिविज्ञानविषयक नोंदींतून 'लार्व्हा'साठी 'डिंभ' ही संज्ञा रूढ झाली. संस्कृत 'डिंभ' म्हणजे बालक, पिल्लू. परिभाषाकारांनी लॅटिन मुखवट्याचे भाषांतर केले नाही. त्यांनी रूपक बदलले आणि बालकाची निवड केली. या निवडीला सबळ कारण होते. लार्व्हा केवळ कीटकांना नसतो; खेकडे, तारामासे, बेडूक यांनाही असतो आणि त्यांच्या पिल्लांना 'अळी' म्हणता येत नाही. सागरी जीवांच्या बाबतीत तर हा प्रमाद शास्त्रज्ञांकडूनही घडला होता. 'नॉप्लियस' आणि 'झोइया' ही नावे आरंभी स्वतंत्र प्राण्यांची म्हणून देण्यात आली. जॉन व्हॉन टॉम्पसन याच्या एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील निरीक्षणांनंतर झोइया हे खेकड्याचेच बाल्यरूप असल्याचे प्रस्थापित झाले. अशा सर्व अवस्थांना सामावून घेणारी व्यापक संज्ञा आवश्यक होती आणि ती गरज 'डिंभ' भागवितो.

मुखवटा की बालक? आधुनिक विज्ञानाची साक्ष

दोन रूपकांपैकी कोणते अधिक यथार्थ, हा प्रश्न केवळ आलंकारिक नाही. मुखवटा म्हणतो, प्रौढ कीटक आत तयारच आहे. बालक म्हणते, प्रौढत्व वाढीतून येते. आउगुस्ट वाइसमान याने १८६४ मध्ये माशीच्या अळीत पेशींच्या लहान चकत्यांचे वर्णन केले. त्यांपासून पुढे पंख, पाय, डोळे घडतात. 'इमॅगो'वरूनच त्यांना 'इमॅजिनल' चकत्या म्हणतात. हा पुरावा मुखवट्याच्या बाजूचा. व्हिन्सेंट विगल्सवर्थ याने १९३० च्या दशकात रक्त शोषणाऱ्या ढेकणाच्या एका जातीवर केलेल्या प्रयोगांतून, बाल्यावस्था टिकवून धरणारे संप्रेरक कीटकाच्या मस्तकातून स्रवते, हे दाखविले. १९५६ मध्ये कॅरोल विल्यम्स याने पतंगापासून त्या संप्रेरकाचा अर्क मिळविला. हे संप्रेरक असेपर्यंत कात टाकूनही अळी अळीच राहते. ते ओसरले की रूपांतराचा मार्ग मोकळा होतो. हा पुरावा बालकाच्या बाजूचा.

अळीच्या उत्क्रांतिमूलक उगमाविषयीही दीर्घ चर्चा झाली आहे. अंतोनियो बेर्लेझे याने १९१३ मध्ये अळी म्हणजे अंड्यातून अकाली बाहेर पडलेला गर्भ, अशी उपपत्ती मांडली. अ‍ॅरिस्टॉटलच्या 'अपुऱ्या गर्भा'ची ही आधुनिक आवृत्तीच होय. १९९९ मध्ये जेम्स ट्रुमन आणि लिन रिडिफर्ड यांनी संप्रेरकांच्या आधारे या मताला नवे रूप दिले. उलट अळी व पिल्लू या समांतर अवस्था आहेत, असे मानणारा पक्षही आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तंबाखूच्या अळीला शेवटच्या टप्प्यात एका वासाचा तिटकारा शिकविला असता पतंग झाल्यावरही तो टिकल्याचे आढळले. कोशात शरीराची मोठी पुनर्रचना होते. तरीही जीवाची ओळख अखंड राहते. मुखवटा आणि बालक ही दोन्ही रूपके अंशतः खरी आहेत, एवढेच यावरून निष्पन्न होते.

नावांची शेतीतील किंमत

हुमणीचे उदाहरण या चर्चेला व्यवहारात आणते. ऊस व भुईमूग यांची मुळे खाणारी हुमणी जमिनीखाली असते आणि पीक वाळू लागेपर्यंत ती दिसत नाही. तिची पूर्णावस्था म्हणजे वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब, बाभूळ अशा झाडांवर जमणारे तपकिरी भुंगेरे. ते त्याच वेळी सामुदायिक रीतीने गोळा करून नष्ट करणे, हा हुमणीच्या नियंत्रणाचा प्रभावी उपाय आहे. परंतु 'हुमणी' आणि 'भुंगेरा' या दोन नावांत कोणताही भाषिक दुवा नाही. मे-जूनमध्ये झाडावर दिसणारा जीव हीच पावसाळ्यातील हुमणी होय, हे ज्याला माहीत नाही, त्याला झाड झोडपण्याचे प्रयोजन कळणार नाही.

गुलाबी बोंडअळीची कथा याहून गंभीर आहे. भारतातील कपाशीवरून मिळालेल्या नमुन्यांवरून १८४३ मध्ये या कीटकाचे शास्त्रीय वर्णन झाले. बोंडअळ्यांविरुद्ध जनुकीय बदल केलेल्या बीटी कपाशीला २००२ मध्ये, तर तिच्या दोन जनुकांच्या वाणाला २००६ मध्ये परवानगी मिळाली. कालांतराने गुलाबी बोंडअळीत प्रतिकारशक्ती निर्माण झाली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भासह राज्यातील कापूस उत्पादकांचे मोठे नुकसान झाले. अंड्यातून निघालेली अळी अल्पावधीत फुलात वा बोंडात शिरते. त्यानंतर फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून कामगंध सापळे लावून नर पतंग मोजावे लागतात. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी आठ पतंग आढळले, तर उपाययोजनेची वेळ आली असे समजतात. शत्रूचे नाव 'अळी', पण मोजायचे ते पतंग. हा दुवा शब्दात नाही, तो शिक्षणानेच द्यावा लागतो.

समारोप

'लार्व्हा' या शब्दाचा प्रवास पिशाचापासून मुखवट्यापर्यंत आणि मुखवट्यापासून शास्त्रीय संज्ञेपर्यंत झाला. जर्मन भाषेत 'लार्व्ह' हा शब्द आजही मुखवटा आणि कीटकाची अळी या दोन्ही अर्थांनी चालतो. मराठीने या संज्ञेचे रूपक न स्वीकारता 'डिंभ' हा स्वतंत्र शब्द योजला. परंतु तो पाठ्यपुस्तकांपुरता मर्यादित राहिला आणि शेत-शिवारात 'अळी'च नांदत राहिली. या दोन शब्दांपैकी एकाची निवड करण्याचे कारण नाही. सर्व प्राणिसृष्टीला लागू पडणारी व्यापक संज्ञा म्हणून 'डिंभ', कोशावस्थेतून जाणाऱ्या कीटकांसाठी 'अळी' आणि कोशाविना वाढणाऱ्यांसाठी 'पिल्लू', अशी त्रिविध व्यवस्था मराठीत आधीच उपलब्ध आहे. अध्यापनात ती जाणीवपूर्वक वापरली, तर पूर्ण व अपूर्ण रूपांतराचा भेद विद्यार्थ्याला परक्या शब्दांच्या पाठांतराविना समजू शकेल.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक अळीबरोबर तिच्या पतंगाचे अथवा भुंगेऱ्याचे नाव शिकविले गेले पाहिजे. स्वामरडामने सुरवंटाची त्वचा सोलून आणि मेरिअनने सर्व अवस्था एका चौकटीत रेखाटून जे साधले, तेच काम प्राणिशास्त्राच्या वर्गात व कृषिविस्ताराच्या कार्यात भाषेला करावे लागेल. दोन नावांआड एकच जीव आहे, ही ओळख हुमणीच्या बाबतीत वळवाच्या पावसापूर्वीच शेतकऱ्यापर्यंत पोचली, तरच तिचा उपयोग आहे.